गाडीवरचा आवाज

"मास्क वर घ्या. नाकाच्या वर."

भाऊसाहेब माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणले. भाऊसाहेब म्हंजे आमच्या ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक. मी स्टेजवर उभी. एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी. वल्या कचऱ्याची हिरवी, सुक्याची निळी. दोन्ही नव्या कोऱ्या, आत काय न्हाई. अंगात नवं जाकीट, त्याचा प्लास्टिकचा वास अजून गेला नव्हता. हातात रबरी मोजे. मी म्हणले, भाऊसाहेब, तोंड झाकलं तर मी कोण हे लोकांना कळायचं कसं? ते हसले.

"फोटोत तसंच चांगलं दिसतं," म्हणले.

माझ्या पुढं दोन पावलांवर वैशाली उभी व्हती. मोरपंखी साडी, केसात अबोलीचा गजरा. तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. माईकवाला म्हणला, या आपल्या घंटागाडीताई, यांच्या गोड आवाजानं आपल्या गावाची सकाळ व्हती. सगळा मांडव टाळ्या वाजवाया लागला. आन मी तिच्या मागं दोन रिकाम्या बादल्या धरून उभी. फोटोवाला मला म्हणला, ताई जरा डावीकडं सरका, बादली नीट दिसंना.

सहा वरसं झाली, गावचा कचरा मी उचलते. घंटागाडीच्या मागं चालते ती मी. घंटागाडीताई म्हणून टाळ्या घेतल्या तिनं.

आठ दिवस आधी मला सांगितलं व्हतं की स्वच्छतेचा कार्यक्रम हाय, तुमाला स्टेजवर यायचंय, चांगली साडी नेसून या. स्टेजवर यायचंय म्हणल्यावर माणसानं काय समजायचं? मी सत्कार समजले. आख्ख्या आळीला सांगून बसले. आईला फोन केला. आई राहती आहुप्याच्या अलीकडच्या वाडीत, पार डोंगरात. पहाटंची एसटी धरून ती घोडेगावला आली, तिथनं मंचरला, तिथनं जीपमधी कोंबून नारायणगावला. आमचं गाव तिथनं जवळच. लेकीचा सत्कार म्हणून येताना डोक्यावर तांदळाचं गठुडं आणलं, नवं लुगडं नेसून आली. ती पुढच्या रांगंत बसली तर तिला उठवून मागं बसवलं. पुढच्या खुर्च्या पावण्यांच्या व्हत्या.

स्टेजवरनं मला ती दिसत व्हती. टाचा उचलून मला हुडकत व्हती. मास्कमधी वळखलं न्हाई तिनं मला. माझी चांगली साडी जाकिटाखाली झाकलेली. समदी वाजवत्यात म्हणून ती बी टाळ्या वाजवत व्हती.

कार्यक्रम संपला तशी ती गर्दीतनं वाट काढत पुढं आली. माझ्याकडं न्हाई. वैशालीकडं. दोन्ही हात तिच्या तोंडावरनं फिरवलं, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. म्हणली, बाय माझी, केवढी मोठी झाली, लहानपणी मी तुला कडंवर घेतलीय. वैशाली म्हणली, हो का मावशी, आन बाजूला बघून कुणाला तरी फोन आणायला सांगितलं.

तवा मला काय झालं ते खरं सांगते. रडू न्हाई आलं. मी जळाले. पायापासनं शेंड्यापर्यंत जळाले. तिच्या शालीवर जळाले, नारळावर जळाले, गजऱ्यावर जळाले. आन माझ्या आईची बोटं तिच्या कानशिलावर मोडली, त्याच्यावर सगळ्यात जास्त जळाले. माझ्या कानशिलावर आईनं कधी बोटं मोडली, मला आठवत न्हाई. बायका म्हणत्यात, हेवा वाईट. असंल वाईट. पण ज्याला कायच मिळत न्हाई त्यानं दुसरं करायचं काय?

हे जळणं काय त्या दिवसाचं न्हाई. लई जुनं हाय.

भातं काढून झाली की आमी डोंगरावरनं खाली उतरायचो. दिवाळीच्या मागं, आख्खं घर. दुसरी माणसं नारायणगावला मजुरांच्या अड्ड्यावर उभी राहायची, कोण नेईल तिकडं जायची. आमाला ठरल्यालं घर व्हतं. वारूळवाडीचं, वैशालीच्या बापाचं. कांदा लावायचा, टोमॅटो तोडायचा, द्राक्षबागंत छाटल्याल्या काड्या वेचायच्या. विहिरीकडंला पाचटाचं खोपट, त्यात आमी. वैशाली आन मी एका वयाच्या. खरं म्हंजे मी चार महिन्यांनी धाकटी. आईनंच सांगितलंय. आज ती मला मावशी म्हणती. माझ्यापरास मोठी बाई, मला मावशी! मी कुणाची मावशी? पण झाडणाऱ्या-उचलणाऱ्या बाईला वय नसतं, ती जन्मतःच मावशी असती.

त्या मळ्याच्या बांधाला शाळंची भिंत व्हती. एका वरसी प्रजासत्ताक दिनासाठी वैशालीचं भाषण बसवत व्हते. आठ दिवस मास्तर तिच्याकडनं घोटून घेत व्हते, मी भिंतीच्या अलीकडं कांदा लावत ऐकत व्हते. ती अडकायची. मी न्हाई अडकायची. पाचव्या दिवशी मला सगळं पाठ झालं. मग मी वाफ्यात उभी राहिले आन सुरू केलं, अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आन माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो. बायांनी हात थांबवलं. ऐकाया लागल्या. माझा आवाज खणखणीत हाय, डोंगरात एका टेकाडावरनं दुसऱ्या टेकाडावर हाक मारायची सवय. निम्मं भाषण झालं आन मालक बांधावर आला.

"हात चालव. तोंड काय चालवतीस?"

आईनं त्याच्या देखत माझ्या पाठीत धपाटा घातला. मालक गेल्यावर म्हणली, आपल्याला कुठं भाषणं करायचीत बाय. दोन दिवसांनी खऱ्या स्पीकरवरनं वैशालीचं भाषण झालं. दोनदा अडकली, तरी टाळ्या. मी वाफ्यात बसून तिच्या अडकण्यावर खूश झाले. ही माझी लहानपणची खुशी.

आश्रमशाळंत सातवीपर्यंत शिकले, ती पण निम्मं वरीस कांद्यात घालवून. मग लगीन, मग हे गाव. नवरा टोमॅटोच्या गाड्या भरतो. वैशालीला पण याच गावात दिली. बागायतदाराची सून. एम.ए. झाल्याली, बचत गटाची अध्यक्ष. गावातला कुठला बी कार्यक्रम असू द्या, माईक तिच्याच हातात.

आता माझ्या हाळीचं सांगते. कारण भांडण त्याच्यावरनं हाय.

मी कामाला लागले तवा गाडीवर नुसती घंटा व्हती. घंटा वाजली की लोक पिशव्या फेकायचे, वलं-सुकं एकच. गाडीत बसून मी हातानं येगळं करायचे. त्यात काय काय निघायचं! फुटल्याल्या बाटल्या, बलेड, बायकांचं पॅड, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. आन सुया. आमच्या भागात शुगर लई. घरोघरी इंजेक्शन, आन टोचून झालं की सुई कचऱ्यात. पयल्या वरसात माझी बोटं अशी झाली व्हती की भाकरी थापताना मीठ लागून डोळ्यातनं पाणी यायचं. मी कुणाला सांगितलं न्हाई. सांगायचं कुणाला? मग एक दिवस रागारागात गाडीवर उभी राहिले आन हाळी दिली.

"वलं हिरव्यात, सुकं निळ्यात! काच-बलेड कागदात गुंडाळून हातात द्या! शुगरच्या सुया बाटलीत घालून बूच लावून द्या! पॅड पेपरात बांधून येगळं द्या! पिशवीत हात माझा जातो बायांनो, तुमचा न्हाई!"

आख्खी आळी हसली. एक म्हातारा म्हणला, देवपूजेच्या टायमाला हे काय बोलणं हाय का. पोरी तोंडाला वढणी लावून आत पळाल्या. मी थांबले न्हाई. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. पंधरा दिवसांनी एका म्हातारीनं मला बूच लावल्याली बाटली आणून दिली. आत सुया. म्हणली, घे बाय, तू कानीकपाळी वरडतीस म्हणून ठेवल्यात. मग दुसरीनं दिली. बायका पॅड पेपरात बांधून वर रबर लावाया लागल्या. सहा महिन्यात माझी बोटं भरून आली. हे मी केलं. कुठली योजना न्हाई, कुठला साहेब न्हाई. माझ्या तोंडानं केलं.

मग वरून तपासणीची माणसं येणार म्हणून पंचायतीनं ठरवलं, गाडीवर स्पीकर लावायचा, रेकॉर्ड लावायचं. वैशालीनं मला दुपारी घरी बोलवलं. ती ओट्यावर खुर्चीत, मी पायरीवर. तिचा चहा कपबशीत, माझा कागदी कपात, आन पिऊन झाल्यावर म्हणली, कप जाताना गाडीतच टाक हं मावशी. मला म्हणली, तू काय काय ओरडतेस ते सांग. मी सांगितलं. तिनं सगळं लिहून घेतलं, मग पेनानं खोडाया लागली.

"सुया, पॅड, ब्लेड, सकाळी सकाळी कानावर असलं नको गं," म्हणली. "आपण छान पॉझिटिव्ह ठेवू."

मी मान हलवली. ती मान हलवली हीच माझी चूक. पण मी का हलवली सांगू? मला वाटलं रेकॉर्डवर मीच बोलणार. दुसरं कोण बोलणार? गाडी माझी, हाळी माझी. मनात म्हणलं, हिला खोडायचं तर खोडू दे, मशीनपुढं उभी राहिले की मी माझ्या ओळी घालीन. रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मिठाच्या गरम पाण्यानं गुळण्या केल्या, हळद-गूळ खाल्ला. डोक्यावरनं न्हाऊन पंचायतीत गेले. तिथं वैशाली कागद घेऊन आधीच बसल्याली.

भाऊसाहेब म्हणले, तुमचा आवाज चांगला आहे हो, पण भाषा जरा... बाहेरचे अधिकारी ऐकणार. मग मला रिकाम्या हातानं परत कसं पाठवायचं म्हणून माझ्याकडनं घंटा वाजवून घेतली. रेकॉर्डच्या सुरवातीला वाजती ना, ती घंटा मी वाजवल्याली हाय. त्याच्यापुढं सगळी ती.

"नमस्कार! मी तुमची घंटागाडीताई. आले आहे तुमच्या दारी, स्वच्छतेचा संदेश घेऊन."

सकाळी सातपासनं दुपारी एकपर्यंत. आळीआळीतनं. मी चालायची गाडीच्या मागं, आन माझ्या डोक्यावर तिचा आवाज. मी कचऱ्यात हात घालायची आन ती वरनं म्हणायची, मी तुमची घंटागाडीताई. नाकात वास माझ्या, आन दारात आली ती! मी काय सांगायला तोंड उघडलं तर स्पीकरच्या पुढं कुणाला ऐकू यायचं न्हाई. बायका दारात येऊन म्हणायच्या, वैशालीताईचा आवाज किती गोड लागतो गं, रेडिओवानी. आन माझ्या हातात पिशवी. मी हसायचे. दात दाखवायचे. आतनं माझं काळीज करपायचं. रात्रीचं जेवताना बी ते रेकॉर्ड डोक्यात वाजायचं. नवऱ्यानं एकदा कुठल्या तरी गोष्टीवरनं वैशालीचं नाव काढलं तर मी ताट सारून उठले.

हेव्यानं माणूस हलकं व्हतं. मी पण झाले. एकदा पेनड्राइव्ह काढला, तो स्पीकरला लावत्यात तो, आन पदराला बांधला. तीन दिवस गाडी मुकी फिरली. मला वाटलं आता मी हाळी द्यावी, पण चोरी केलेली ना, तोंडच उघडंना. बोलणी खाल्ली नानानं. नाना आमचा ड्रायव्हर, आयुष्यभर ट्रक चालवल्याला, साठीला आलेला माणूस. भाऊसाहेबांनी त्याला पंचायतीच्या दारात उभं करून झाडला. त्याला ठावं व्हतं मीच घेतलाय ते. त्यानं नाव घेतलं न्हाई. चौथ्या दिवशी मी गुपचूप पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला.

"जळतीस तर जळ की," नाना म्हणला. "पण उघड जळ. अशी चोरून काय जळतीस?"

मी खाली मान घालून गाडीच्या मागं गेले. परत तोच आवाज सुरू झाला. त्याच महिन्यात तो सत्काराचा कार्यक्रम झाला.

त्या संध्याकाळी आई चुलीपुढं बसून म्हणली, चांगलं झालं बाय, तिच्याबरूबर उभी तरी राहिलीस. मी तिला लई बोलले. नको ते बोलले. ती म्हातारी दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं निघून गेली. गठुडं सोडून दिलेला तांदूळ तेवढा राहिला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. राग कुणावरचा, काढला कुणावर.

कार्यक्रमाला पंधरा दिवस झालं असतील. वैशालीच्या दारात गाडी थांबली. गड्यानं काळी पिशवी आणून गाडीत टाकली, गाठ मारल्याली. रेकॉर्ड वाजत व्हतं. मी वर चढले, पिशवी सोडली, वलं-सुकं बघायला हात घातला. सुई अंगठ्याच्या बुडात घुसली. मोजे हातात व्हते. पण ते स्टेजवरचे जाड मोजे न्हाईत, ते फोटो झाल्यावर परत कपाटात गेले. आमाला मिळत्यात ते पातळ, दुकानात केसांना कलप लावताना घालत्यात तसले. सुई वढून काढली. मोजा काढला तर रक्ताचा थेंब मोठा व्हत गेला. पिशवीत तशाच आणखी चार सुया व्हत्या. वैशालीच्या सासूला शुगर हाय, गावाला ठावं हाय.

पयल्या वरसी किती तरी बारी काच लागली, सुया लागल्या. तवा फडकं बांधायचं आन कामाला लागायचं. पण ह्या बारी नानानं ऐकलं न्हाई. गाडी तशीच सोडून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीण बाई तरणी पोरगी व्हती. साबणानं लई येळ हात धुवून दिला, इंजेक्शन दिलं, रक्त काढलं. मग म्हणली, सुई कुणाची हे माहिती आहे का? मी म्हणले, व्हय. ती म्हणली, मग त्या माणसाचं एकदा रक्त तपासून घ्या, त्यांना काही नसेल तर तुम्हाला काळजी नाही. न्हाई तर तुम्हाला पुन्हा तपासावं लागेल, आन तीन महिन्यांनी परत. तवर जिवाला घोर. नवऱ्यापासनं जपून राहायचं, हेही तिनं हळूच सांगितलं. मी वर बघितलं न्हाई. रक्तातनं काय काय येतं ते तिनं सांगितलं, त्यातलं एकाचं नाव मला ठावं व्हतं. तेवढं एक पुरं व्हतं.

दवाखान्यातनं मी सरळ वैशालीच्या घरी गेले. अंगठ्याला पट्टी. मनात एवढंच की तिच्या सासूचं, आईंचं, एकदा रक्त तपासलं की सुटले. ह्यात कायी अवघड न्हाई. शुगरसाठी म्हातारीचं रक्त दर महिन्याला काढत्यातच. मी हात जोडून बोलले. खरंच सांगते, जोडले हात. वैशालीनं सगळं ऐकलं. आधी म्हणली, अगं मावशी, हातमोजे घालायचे ना. मग तिला कळलं मी काय मागते ते. तिचा चेहरा बदलला.

"आमच्या सासूबाईंचं रक्त तपासायचं? तसल्या रोगासाठी?" म्हणली. "आमच्या घरात असलं काही नसतं. तपासायचं तर तुझं तपास."

मी म्हणले, माझं तपासलंय. ती म्हणली, मग झालं तर. आन तिनं जाळीचं दार लावलं. जोरात न्हाई. हळूच, शिकल्याली बाई लावती तसं.

मी फाटकात किती येळ उभी व्हते मला ठावं न्हाई. एकच वाक्य कानात फिरत व्हतं. आमच्या घरात असलं काही नसतं. सुई तुझ्या घरातली. पिशवी तुझ्या घरातली. तुझ्या घरातली घाण सहा वरसं मी ह्या हातानं उचलली, मला ठावं हाय तुमच्या घरात काय असतं न्हाय ते. आन घाण मी? त्या सुईचं नाव मी रोज सकाळी घेत व्हते तवा माझी बोटं साबूत व्हती. तू ते नाव खोडलंस. तुझ्या कानाला बरं लागत न्हाई म्हणून खोडलंस. आन मी मान हलवली, स्पीकरवर यायच्या हावंनं. मी तिच्या शालीवर जळत राहिले, आन तिनं नेलं व्हतं ते दुसरंच. माझ्या हाताला राखण असल्याल्या ओळी नेल्या. त्या राखणीच्या ओळी मीच तिच्या हातात दिल्या व्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडीवर आले. नानाच्या समोर, उजेडात, पेनड्राइव्ह उपसला आन त्याच्या हातात दिला. म्हणले, नाना, हा पंचायतीत जमा करा, मी काढलाय म्हणून सांगा. त्यानं तो खिशात घातला आन गाडी सुरू केली.

मी हाळी दिली. रेकॉर्ड आल्यापासनं बंद असल्याला आवाज, पयल्या आळीत फाटला. दुसऱ्या आळीत लागला. सुया, काच, बलेड, पॅड, एक एक नाव घेतलं. लोक बाहेर आले. कुणी हसलं न्हाई, माझ्या हाताची पट्टी बघत व्हते. बूचवाली म्हातारी दारात येऊन म्हणली, आगं तू बोलायची थांबलीस म्हणून मी बी ठेवायची थांबले व्हते. मला तिचा राग आला, आन ती खरं बोलती हे पण कळलं.

वैशालीच्या फाटकापुढं गाडी थांबली. मी तिथं दोनदा हाळी दिली. गडी काळी पिशवी घेऊन आला, गाठ मारल्याली. मी म्हणले, गाठ सोड. तो थांबला. मग वैशाली आतनं आली, गाऊनवर वढणी घेऊन. आजूबाजूच्या ओट्यावर बायका उभ्या व्हत्या. ती हळू आवाजात म्हणली, मावशी, काय तमाशा हा, गल्लीत शोभतं का हे बोलणं.

मी हळू बोलले न्हाई.

"मी मावशी न्हाई तुझी. तुझ्यापरास चार महिन्यांनी धाकटी हाय. पिशवी सोड, सुया येगळ्या कर, मग उचलीन. न्हाई तर ती तुझ्या घरात ऱ्हाऊ दे."

तिनं पिशवी सोडली न्हाई. मी उचलली न्हाई. नानानं गाडी पुढं घेतली. पिशवी फाटकात पडून राहिली, दुपारी कुत्र्यांनी फाडली.

संध्याकाळी पंचायतीत बोलवणं आलं. भाऊसाहेब, दोन मेंबर, आन एका खुर्चीत वैशालीचा सासरा. मला बस म्हणले न्हाईत. भाऊसाहेब समजुतीच्या सुरात बोलत व्हते. तुम्ही कामाच्या बाई आहात, तुमच्याबद्दल तक्रार कधी नव्हती. ताईंच्या घरी जाऊन माफी मागा, रेकॉर्ड उद्यापासून परत लावा, विषय मिटला. न्हाई तर दुसरी बाई बघावी लागेल. अड्ड्यावर रोज शंभर बाया उभ्या असतात, हे त्यांनी बोलून दाखवलं. मला ठावं हाय ते. त्या अड्ड्यावर माझी माणसं पण उभी राहत्यात.

मी विचारलं, आईंचं रक्त तपासणार का? सासरा खुर्चीतनं उठला आन बाहेर गेला.

मग मी म्हणले, माफी मागणार न्हाई. रेकॉर्ड लावलं तर मी गाडीमागं न्हाई. दुसरी बाई आणा, ती दिसली की तिला मी माझी हाळी शिकवीन. तिसरी आणली तर तिसरीला शिकवीन. एवढं बोलून मी निघाले, जा म्हणायची वाट बघितली न्हाई.

अजून काढलं न्हाई मला. गाडी रोज निघती. त्या फाटकापुढं मी रोज थांबते, रोज हाळी देते, पिशवीची गाठ सुटत न्हाई आन मी हात लावत न्हाई. पिशव्या आता गडी मोटारसायकलवरनं वढ्यात टाकतो. तेही मी पंचायतीला लिहून दिलं, सही करून, माझ्या नावानं. माझ्या रक्ताचं दुसरं तपासणं राहिलंय. रात्री नवऱ्याकडं पाठ करून झोपते. तो विचारत न्हाई, मला तेच जास्त लागतं.

हेवा गेला का? न्हाई गेला. परवा कुठल्या तरी लग्नात तिला माईकवर बोलताना बघितली आन पोटात तीच आग पडली. पडू दे. ती आग मला आता लपवायची न्हाई, आन विझवायची पण न्हाई. ती शाल मला नको. तिच्या घरची सुई माझ्या अंगात गेलीय, आन तिच्या घरात असलं काही नसतं म्हणती. असतं का नसतं, ते आता तिला बोलावं लागेल. तवर मी रोज सकाळी सातला तिच्या फाटकात उभी राहून सुईचं नाव घेणार, आन तिच्या घरचा एक कागद बी उचलणार न्हाई.